विंझरची फिरती पंगत

पंगतीचं काम सावळारामला कुणी सांगितलं नव्हतं. ते त्यानं मागून घेतलं. (हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याच्या सासऱ्याला बोल लावाल, आणि रखमाजीइतका गरीब स्वभावाचा माणूस उभ्या वेल्हे तालुक्यात सापडायचा नाही.)

साल सत्त्याहत्तर, महिना माघ. विंझरच्या रखमाजीची धाकटी लेक रतन हिचं लग्न वरवे बुद्रुकच्या मुलाशी ठरलं होतं आणि मांडव विंझरला, मुलीच्या दारात पडला होता. थोरली लेक चंद्राबाई शिवऱ्याला दिलेली. सावळाराम हा तिचा नवरा, म्हणजे या घरचा थोरला जावई. आता थोरल्या जावयानं लग्नघरात काय करायचं असतं? गुलाबी फेटा बांधून जाजमावर बसायचं, पान खायचं, मधूनच "काय कमीजास्त?" म्हणून विचारायचं आणि उत्तर यायच्या आत दुसरं पान लावायला घ्यायचं. एवढं जरी त्यानं नीट केलं असतं तरी गावानं त्याला चांगलं म्हटलं असतं.

पण सावळाराम कॉम्प्युटरवर होता.

रखमाजी गावात हे अशाच शब्दांत सांगायचा. "आमचं थोरलं जावई कंपूटरवर असत्यात." ऐकणाऱ्याला वाटायचं, कुणी धरणावर असतो, कुणी रोडरोलरवर असतो, तसंच काहीतरी असेल. "उंच असतंय का वो लई? पडायचं भ्या न्हाई ना?" असं एका म्हातारीनं काळजीनं विचारलंही होतं.

पुण्यातल्या शेतकी आकडेवारीच्या एका संस्थेत तो ऑपरेटर होता. पहाटे शिवऱ्याच्या फाट्यावर एसटी धरायची, आठाच्या आत संस्थेत पोचायचं, चपला बाहेर काढायच्या आणि थंडगार खोलीत शिरायचं. (भर मे महिन्यात स्वेटर घेऊन एसटीत चढणारा माणूस शिवऱ्यात तो एकटाच होता.) यंत्र नवं नव्हतं. मुंबईच्या कुठल्याशा गिरणीनं दहा वर्षं वापरून काढून टाकलेलं, ते संस्थेनं आणलं होतं. दोन खोल्या भरून पसरलेलं धूड, पण मेमरी म्हणाल तर अगदी बेताची.

मेमरी म्हणजे काय हे साहेबांनी सगळ्यांना एकदा समजावून दिलं होतं. "मेमरी म्हणजे यंत्राचं टेबल. टेबलावर जे कागद आहेत त्यावरच यंत्र काम करतं. आपलं टेबल लहान आहे. पण शेजारी कपाट मोठं आहे. ती डिस्क." असं म्हणून त्यांनी धान्याच्या कोठीएवढ्या एका पेटाऱ्यावर हात ठेवला. आत तव्यांची चवड गरगर फिरत होती. "आता बघा. एक काम छापणीची वाट बघत नुसतं बसलंय. त्यानं टेबल कशाला अडवायचं? त्याचे कागद उचलून कपाटात ठेवायचे आणि दुसऱ्या कामाचे टेबलावर मांडायचे. त्याची वेळ आली की पुन्हा आदलाबदल. याला स्वॅपिंग म्हणतात. टेबल एकाचं, कामं दोघांची!"

सावळारामला ही युक्ती इतकी आवडली, की तो घरी येऊन चंद्राबाईला ती दोन वेळा सांगून बसला. पहिल्या वेळी ती भाकरी थापत होती आणि दुसऱ्या वेळी झोपली होती.

काही दिवस सगळं झकास चाललं. जिल्ह्याची गुरांची गणती आणि पावसाचे आकडे ही दोन कामं यंत्र एकाच वेळी ओढायचं. मग साहेबांना हाव सुटली. त्यांनी भातपिकाचं तिसरं काम चढवलं, आणि वर कोंबड्यांच्या गणतीचं चौथं. त्या दिवसापासून यंत्राचं काहीतरी बिनसलं. डिस्कचा दिवा विझेना. पेटारा आतून घुर्रघुर्र करत थरथरायचा, इतका, की सकाळी खडूनं आखलेल्या जागेवरून तो संध्याकाळपर्यंत चार बोटं पुढं सरकलेला असायचा. आणि छापणीच्या यंत्रावर अर्ध्या तासानं एक ओळ उमटायची: "भोर तालुका, म्हशी". पुढं काही नाही.

"अरे, म्हशी किती ते तरी सांग!" साहेब यंत्राला हात जोडायचे.

सावळाराम तिथला जुना माणूस. त्यानं पाहणी करून रजिस्टरात स्वच्छ अक्षरात लिहिलं: "डिस्क मंद झाली आहे. बदलावी." साहेबांना ते पटलं. मुंबईच्या कंपनीला पत्र गेलं. आणि सावळाराम चार दिवसांची रजा टाकून मेव्हणीच्या लग्नाला विंझरला गेला.

तिथं रखमाजी कपाळाला हात लावून बसला होता.

कारण होतं वरमाई. नवऱ्या मुलाची आई ठकुबाई ही वरव्यात मोठ्या मानाची बाई. मागल्या वर्षी नात्यातल्या एका लग्नात तिच्या माणसांची तिसरी पंगत बसली, तोवर लापशी तळाला लागलेली होती. ठकुबाईनं ते करपलेलं मुकाट्यानं खाल्लं आणि त्या घराशी पुन्हा बोलली नाही. या लग्नाआधी तिनं निरोपच पाठवला होता: "माज्या माणसांत पयली पंगत, तिसरी पंगत असलं काय चालायचं न्हाई. समदी एकदम बसत्याल, आन् समदी मांडवातच बसत्याल."

वऱ्हाड येणार होतं एकशे ऐंशी माणसांचं, दोन ट्रकांतून. ट्रकवाले चार वाजता हलणार म्हणून सांगून चुकलेले. आणि रखमाजीच्या अंगणात दाटीवाटीनं माणसं बसायची साठ.

"थोडी शाळंत बसवली तर?" रखमाजी म्हणाला. शाळा ओढ्यापलीकडं होती. मधे एक बांध, माणूस एकामागं एक जाईल एवढाच रुंद. "पर ठकुबाई म्हनंल, माजी मानसं मांडवाभाईर का काढली."

अशा वेळी सावळाराम खाकरला.

"मामा, पंगतीचं माझ्याकडं द्या," तो म्हणाला. "साठांच्या जागेत एकशे ऐंशी माणसं एकदम जेवतील. सगळी मांडवात. कॉम्प्युटरवर आम्ही रोज हेच करतो."

आणि त्यानं समजावून सांगायला घेतलं. पंगतीत माणूस खातो किती आणि बसतो किती? लापशी वाढली की पाच-सात मिनिटांत खाऊन होते. मग भात यायची वाट बघत तो पंधरा मिनिटं नुसता बसतो. त्या पंधरा मिनिटांत त्यानं मांडवाची जागा कशाला अडवायची? त्यानं आपली पत्रावळ उचलायची, शाळेच्या पडवीत जाऊन बसायचं. त्याच्या जागी दुसरा येईल. त्याचा भात तयार झाला की पुन्हा आदलाबदल. तीन टोळ्या, एक मांडव, आणि कुणीही शेवटी नाही, कारण सगळेच मधे!

रखमाजीला यातलं 'कुणीही शेवटी नाही' एवढंच कळलं, आणि तेवढ्यानंच त्याचे डोळे पाणावले. "तुमी हाय म्हून, जावईबापू," तो म्हणाला.

चंद्राबाई सुपातले तांदूळ निवडत ऐकत होती. "अवो, पन जेवता मानूस मदीच उठवायचा?"

"उठवायचा नाही. स्वॅप करायचा."

"म्हंजी त्यो उठूनच जानार ना?"

"जाणार, पण परत येणार."

"कशापायी येईल परत?" चंद्राबाई म्हणाली. पण सावळाराम तोवर पिशवीतून कार्डं काढायला लागला होता. यंत्राला आकडे भोकं पाडून भरवायची, पण चुकीची भोकं पडून संस्थेतून रद्दीत निघालेली दोनशे कार्डं त्यानं खास जपून आणली होती. साठांवर तांबडी रेघ, साठांवर निळी, साठांवर हिरवी, आणि प्रत्येकावर पाटाचा नंबर. रात्रभर माणूस अभ्यास करून परीक्षेला जातो तशा उत्साहानं तो दुसऱ्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवून मांडवात उभा राहिला.

अक्षता पडल्या पाऊण वाजता. ठकुबाई नवी नऊवारी आणि नाकात मोत्यांची नथ घालून तांबड्या टोळीच्या पहिल्या पाटावर बसली. कार्ड तिच्या हातात देताना सावळारामनं वाकून नमस्कार केला. तिनं ते कार्ड उजेडाकडं धरून भोकांतून पाहिलं. "ह्ये काय, कसर लागलीया व्हय?" तिनं विचारलं.

मीठ, चटणी, वांग्याची भाजी आली. लापशी आली, वर तुपाची धार आली. माणसं जेवायला लागली. पहिल्या पंधरा मिनिटांत सावळारामइतका सुखी माणूस गुंजवणीच्या खोऱ्यात नव्हता. मग त्यानं शिट्टी फुंकली.

"तांबडी टोळी उठा! पत्रावळी घेऊन शाळेकडं चला!"

लोकांना वाटलं, असा काही रिवाज असेल विंझरचा. उठले बिचारे. साठ माणसं दोन्ही हातांवर पत्रावळी तोलत बांधाकडं निघाली आणि मांडवाबाहेर थांबलेली निळी टोळी येऊन बसली. मग निळी गेली, हिरवी बसली. तिघींचं एकेकदा झालं, ते बऱ्यापैकी झालं. पत्रावळी पळसाच्या होत्या, भाजीचा रस तेवढा कोपरापर्यंत ओघळला. सावळारामनं रखमाजीकडं पाहून मान हलवली. रखमाजीनंही हलवली.

घोळ सुरू झाला दुसऱ्या फेरीला.

हिरवी टोळी बांधावरून शाळेकडं निघाली आणि तांबडी त्याच बांधावरून परत निघाली. मधोमध दोन्ही तोंडं भिडली. कुणाला बाजूला व्हावं तर एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला हरभरा. हात जोडून विनवावं तर हातांत पत्रावळ. वरव्याचे दोन थोराड पाहुणे नाकाला नाक लावून उभे राहिले आणि एकमेकांच्या पत्रावळीत काय काय आहे हे बघत राहिले. "तुमाला पापड दिला?" "व्हय. तुमाला न्हाई?" "न्हाई बा." एवढ्यावरून मागं गलका झाला.

मांडवात जे पोचले ते मिळेल त्या पाटावर बसले. कार्डं कुणी पाहिली? काहींची द्रोणात पडून वरणात भिजली होती आणि त्यांच्या रेघा वरणात उतरल्या होत्या. वाढप्यांना कळेना, कुणाचं काय झालंय. एकाच्या पानावर तिसऱ्यांदा लापशी पडली, तो काही बोलला नाही. पण एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा सावळारामची बाही धरून म्हणाला, "पाव्हनं, म्या तीन डाव आलोय मांडवात. तिन्ही डाव मला मीठच वाढलं."

सावळारामनं घड्याळ पाहिलं. दोन वाजून गेले होते. एकशे ऐंशी माणसं जेवत होती, पण जेवून एकही उठलं नव्हतं.

आता इथं कुणीही शहाणा माणूस थांबला असता. सावळारामनं विचार केला. रजिस्टरात लिहिताना केला होता तसाच, शांतपणे आणि खोलवर. आणि त्याला दोष सापडला: युक्ती बरोबर आहे, बांध मंद आहे. ने-आणीचा वेग वाढला पाहिजे.

"गेनबा! बैलगाडी जुंप!"

गेनबा शेजारचा. बिचारा गाडी घेऊन ओढ्याच्या उतारावर हजर झाला. म्हाताऱ्या बायका आणि मानाची माणसं गाडीतून, बाकीचे बांधावरून पळत, असं ठरलं. शिवाय सावळारामनं फेरी पंधरा मिनिटांवरून पाच मिनिटांवर आणली. शिट्टी सारखी वाजायला लागली. माणूस पाटावर टेकला, घास हातात घेतला, की शिट्टी. आठ वाढपी होते; त्यातले तिघं बांधावर माणसं वळवायला गेले, दोघं गाडीत बायका चढवायला, दोघं सांडलेल्या वरणावर माती टाकायला. वाढायला उरला एक, आणि त्यालाही कळेना की ज्यांना वाढायचं ते नेमके कुठं आहेत. मांडवात बसलेल्यापेक्षा रस्त्यात असलेली माणसंच जास्त झाली. कोंडिबा आचारी भाताच्या हंड्याशेजारी पालथ्या घमेल्यावर बसून राहिला. वाफाळलेला भात त्याच्या डोळ्यांदेखत निवत चालला होता.

"जावईबापू," तो म्हणाला, "म्या आजवर लई लग्नं शिजवली. मानसं भुकंली आन् भात उरला, आसं पयल्यांदाच बघतोय."

"वेग येतोय, वेग येतोय," सावळाराम घाम पुसत म्हणाला आणि ओढ्याकडं धावला.

तिकडं बैलगाडी ओढ्याच्या मधोमध उभी होती. भर दुपारची वेळ, गुडघाभर गार पाणी, बैल प्यायला थांबले. यात बैलांची काही चूक नव्हती. पण गाडी थांबली ती थांबली, आणि चाक वाळूत रुतलं. गाडीत पाच बायका. मधोमध ठकुबाई. मांडीवर पत्रावळ, पत्रावळीत लापशी, चवथ्या फेरीची. अजून एक घास तोंडात गेला नव्हता, कारण पहिल्या फेरीत ती आपल्या माणसांना नीट वाढतात का ते बघत राहिली आणि पुढं प्रत्येक वेळी घास उचलला की शिट्टी झाली होती. मोत्यांची नथ रागानं हलत होती.

बांधावर दोन्हीकडून आलेली माणसं थांबली. शाळेत होती ती पडवीत उभी राहिली. बैलांचं पाणी पिणं तेवढं ऐकू येत होतं.

"रखमाजी कुठंयत?" ठकुबाई म्हणाली. आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं. "त्यांना म्हनावं, नवरी आमी नेतो. पर ह्या दाराला पुन्ना पाय लावायचो न्हाई. रतनलाबी लावू द्यायचो न्हाई."

मांडवाच्या दारात रतन उभी होती. मुंडावळ्या बांधलेल्या, हिरवा चुडा भरलेला. तिनं ते ऐकलं आणि खांब घट्ट धरला.

रखमाजी ओढ्यात उतरला. नवं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. तो गाडीपाशी गेला. त्याचा हात हळूच डोक्याकडं, पागोट्याकडं गेला.

ते सावळारामनं पाहिलं. तोवर त्याच्या डोक्यात बांध होता, गाडी होती, मिनिटं होती. आता तिथं काहीच उरलं नाही. या माणसानं आपली आठ वर्षं भक्ती केली. कंपूटरवर असत्यात म्हणून गावभर सांगत फिरला. आणि आज तो आपल्यापायी बाईच्या पुढं पागोटं काढणार. चपला, पँट, काही न बघता तो धपाधप पाण्यात शिरला आणि त्यानं सासऱ्याचा हात वरच्या वर धरला.

"मामा, न्हाई," तो म्हणाला. (पुण्यात जपून ठेवलेलं सगळं शुद्ध मराठी त्या ओढ्यात वाहून गेलं.) मग तो ठकुबाईकडं वळला. "आत्याबाई, ह्यात ह्यांचा काय बी दोष न्हाई. ही समदी अक्कल माजी. म्या मागून घ्येतलं, म्याच घाण क्येली. मला काय बोलायचं त्ये बोला. मारायचं आसंल तर मारा."

ठकुबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. फेटा कलला होता, शिट्टी पाठीवर गेली होती, शर्टावर कुणाचं तरी वरण होतं.

"चूक कुनाची त्ये मागनं बघू," ती म्हणाली. "मी सकाळधरनं उपाशी हाय. म्या जेवू कुठं, त्ये सांगा."

"हितंच!"

आवाज काठावरून आला. चंद्राबाई पदर खोचून उभी होती. एका हातात लापशीची बादली, दुसऱ्या हातात तुपाचं तांब्याएवढं भांडं. ती तशीच पाण्यात उतरली, गाडीपाशी आली आणि ठकुबाईच्या पत्रावळीत गरम लापशीचा डाव घालून वर तूप ओतलं. ती थांबेना.

"बास, बास! पत्रावळीतनं खाली गळंल," ठकुबाई म्हणाली.

"गळू द्या. खाली ओढाच हाय," चंद्राबाई म्हणाली. "आत्याबाई, तुमी आता हलायचं न्हाई." मग मागं वळून तिनं असा आवाज दिला, की शाळेच्या पडवीतल्यांनीही पत्रावळी घट्ट धरल्या. "कुनीच हलू नका! ज्यो जिथं हाय त्यानं तिथंच बसा! मानसं न्हाई फिरायची, बादल्या फिरत्याल!"

माणसं बसली. मांडवात होती ती मांडवात, शाळेत होती ती पडवीत, आणि मधली बांधावरच, एका ओळीत, ओढ्याकडं पाय सोडून. आठही वाढपी बादल्या घेऊन सुटले. कोंडिबा आचारी इतका खूश झाला, की स्वतः भाताचं घमेलं खांद्यावर घेऊन बांधावर चढला. पंधरा मिनिटांच्या आत एकशे ऐंशी माणसांच्या पुढं भात होता, भातावर वरण होतं, आणि पांढऱ्या मिशांच्या म्हाताऱ्यापुढं मीठ सोडून सगळं होतं.

सावळारामनं शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली आणि वरणाची बादली उचलली. ठकुबाईनं हाक मारली.

"ए शिट्टीवाल्या. हिकडं ये. आमाला तू वाढ. आन् पळू नगंस."

त्यानं वाढलं. बैल पाणी पिऊन रवंथ करत उभे राहिले, गाडीतल्या बायका गाडीखालच्या पाण्याकडं बघत, सावकाश, गप्पा मारत जेवल्या. ऊन होतं पण ओढ्यावरून गार वारा येत होता. ठकुबाईनं दोनदा लापशी मागून घेतली. तिसऱ्यांदा मागितली तेव्हा रखमाजी इतक्या वेळानं पहिल्यांदा हसला.

हात धुवायला तिला उतरावंसुद्धा लागलं नाही. गाडीतून वाकून तिनं ओढ्यातच हात धुतले. "मागल्या साली त्या घरी बसायला गालिचा व्हता," ती शेजारणीला म्हणाली, "पर लापशी करपलेली व्हती. हितं बसायला गाडी मिळाली, पर लापशी लई ग्वाड व्हती." मग बांधावर, पडवीत, मांडवात नजर फिरवली. "आन् समदी एकदम जेवली. म्या म्हनलं व्हतं तसंच झालं की!"

ट्रक साडेचारला हलले. जाताना रतन बापाच्या गळ्यात पडून रडली, पण ते सगळ्याच पोरी रडतात तसं रडणं होतं. त्यात दुसरं काही नव्हतं. ठकुबाई पुढच्या ट्रकमधे ड्रायव्हरच्या शेजारी बसली आणि रखमाजीला म्हणाली, "दिवाळीला लेकीला न्यायला या. पर तुमी या. कंपूटर धाडू नका."

सगळं आवरल्यावर सावळाराम ओल्या पँटीनं ओसरीच्या कडेला बसला. तो सकाळपासून पाणीसुद्धा प्यायला नव्हता. चंद्राबाईनं पान वाढून त्याच्यासमोर ठेवलं आणि शेजारी बसली. तिनं "म्या म्हनलं नव्हतं का?" असं विचारलं नाही. त्यामुळं त्याला जास्तच वाईट वाटलं.

"मामा काय म्हणतात?" त्यानं खाली मान घालून विचारलं.

"आबा शेजारी गेल्यात," ती म्हणाली. "आमच्या जावयानं कसं मला मागं वढलं आन् सोता म्होरं झालं, त्ये सांगाया."

सावळारामनं हातातला घास पानात परत ठेवला. मग तो म्हणाला, "चंद्रा, त्या डिस्कचंबी हेच झालंय गं."

"कुनाचं?"

"आमच्या हापिसातल्या पेटाऱ्याचं. त्यो मंद न्हाई. आमी चार टोळ्या चढवल्यात. त्यो बिचारा नुस्त्या पत्रावळी न्हेतोय आन् आनतोय. जेवायला येळच गावंना त्याला."

चंद्राबाईला यातलं फारसं कळलं नसावं. पण ती म्हणाली, "मग उठवा की दोन टोळ्या."

सोमवारी सावळाराम संस्थेत पोचला तेव्हा मुंबईचा इंजिनियर येऊन दाखल झाला होता. टाय बांधलेला, जाड भिंगांचा चष्मा घातलेला गंभीर माणूस. पेटारा उघडून, तवे मोजून-तपासून तो चक्रावून गेला होता. दोष सापडत नव्हता. बदलायची तर नवी डिस्क परदेशातून येणार, सहा महिने लागणार, म्हणून साहेब डोकं धरून बसले होते.

"साहेब," सावळाराम म्हणाला, "डिस्क चांगली आहे. मी रजिस्टरात लिहिलं ते चुकीचं लिहिलं. भात आणि कोंबड्या काढून घ्या."

"म्हणजे?"

"दोनच कामं ठेवा. टेबल लहान आहे आपलं. चौघांची आदलाबदल करता करताच त्याचा दिवस जातोय."

साहेबांनी इंजिनियरकडं पाहिलं. इंजिनियरनं चष्मा काढला. भात उतरवला, कोंबड्या उतरवल्या. डिस्कचा दिवा एकदा विझला, मग सावकाश लागला, पुन्हा विझला. पेटाऱ्याची थरथर थांबली. आणि छापणीचं यंत्र जे खडखडायला लागलं ते दुपारपर्यंत थांबलं नाही. भोर तालुक्याच्या म्हशी आल्या, गायी आल्या, शेळ्या आल्या. वेल्ह्याचे बैलसुद्धा आले. (त्यांतले दोन सावळारामच्या ओळखीचे होते.) कोंबड्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या मोजून झाल्या आणि भात तिसऱ्या दिवशी.

साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "सावळाराम, आम्ही इंग्रजी पुस्तकं उलथीपालथी केली. तुला कसं कळलं हे?"

इथं त्यानं "असंच, विचार करून" म्हणायला हवं होतं. पण माणूस स्तुतीनं भोळा होतो. त्यानं पहिल्यापासून सांगितलं. कार्डं, शिट्टी, बांध, बैलगाडी, मीठ खाणारा म्हातारा, सगळं. साहेब हसता हसता खुर्चीवरून खाली यायचे राहिले. कार्डं पंच करणाऱ्या बायका काम टाकून दारात जमल्या. इंजिनियर तेवढा गंभीरच राहिला. त्याला मुंबईची संध्याकाळची गाडी धरायची होती, त्यामुळं गोष्ट अर्धी टाकून तो निघून गेला.

तेव्हापासून त्या संस्थेत एक नवा शब्द रूढ झाला. यंत्रावर जास्त कामं चढली, डिस्क घुरघुरायला लागली आणि छापणी बंद पडली, की कुणीतरी ओरडायचं, "साहेब, विंझर झालं!" की लगेच दोन कामं उतरवायची. "आज विंझर करू नका रे," असं साहेब सकाळीच बजावायचे. रजिस्टरातही तशा नोंदी व्हायला लागल्या: "दुपारी दोन ते अडीच विंझर." सावळारामला पहिले काही दिवस कानकोंडं झालं, मग सवय झाली.

वर्षानंतर तोच इंजिनियर वार्षिक तपासणीला आला. रजिस्टर चाळता चाळता एका पानावर अडकला. त्यानं वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि सावळारामला बाजूला बोलावून हलक्या आवाजात विचारलं, "मी कंपनीची तिन्ही मॅन्युअलं पाहिली. हा विंझर शब्द त्यांत नाही. अमेरिकन पद्धत आहे, की रशियन?"

सावळारामनं आजूबाजूला पाहिलं. दारातल्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

"नाही साहेब," तो म्हणाला. "माझी सासुरवाडी आहे."